आयडी घेतलीय आणि रविवारी चर्चलाही जाता? मग हे आधी वाचा

हा लेख नवख्यांसाठी आहे. एखाद्या डायरेक्ट सेलिंग कंपनीची आयडी (म्हणजे तिचा माल विकणारा सभासद म्हणून मिळणारा नंबर) नुकतीच घेतलेल्या किंवा घ्यायच्या बेतात असलेल्या, आणि रविवारी उपासनेला न चुकता बसणाऱ्या माणसांसाठी. मग तुम्ही जालन्याचे असा, उदगीरचे, अंबाजोगाईचे नाहीतर परभणीचे.

नेटवर्क मार्केटिंग करावं की करू नये, हा वाद मी इथं घालत बसणार नाही. माल चांगला असेल, भाव रास्त असेल आणि बोलणं खरं असेल, तर साबण-पावडर विकणं हे किराणा दुकान चालवण्याइतकंच सरळ काम आहे. पौलसुद्धा करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करायचा (प्रेषितांची कृत्ये १८:३). धंद्याची लाज ख्रिस्ती माणसाला कधीच नव्हती. जालन्याजवळ पाळक नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हापासून आपल्याकडं मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, आणि पोटापाण्याचा प्रश्न बरोबरच चालत आलेत.

अडचण आहे ती मंडळीच्या आकाराची. शहरातल्या दोन-चार मोठ्या मंडळ्या सोडल्या तर आपलं सगळं साठ-सत्तर घरांचं. त्यात निम्मे सोयरे. कुणी कुणाची आत्या, कुणी व्याही, कुणी एकाच बोर्डिंगात वाढलेले. दार वाजवलं की 'या, बसा' म्हणायचंच, आणि आपल्या माणसानं काही मागितलं तर नाही म्हणायची पद्धत नाही. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये याच गोष्टीला 'तुमचं वॉर्म मार्केट' म्हणतात. पहिल्याच दिवशी वही उघडून शंभर नावांची लिस्ट करायला लावतात, आणि आपली लिस्ट बघता बघता चर्चची हजेरी होऊन जाते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या लिस्टशी जोडलेल्या आहेत.

पहिली पायरी: कागद

प्रार्थना करून निर्णय घ्या, जरूर घ्या. पण कागदही बघा.

प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायदा १९७८ चा आहे. नुसती माणसं जोडून पैसा फिरवणारी योजना चालवणं हा त्याखाली गुन्हा आहेच, शिवाय तिच्यात सभासद होणंही गुन्ह्यात मोडतं. 'मला काय माहीत, मी तर नवीनच होतो' हे तिथं चालत नाही. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्र सरकारनं २८ डिसेंबर २०२१ ला थेट विक्रीचे वेगळे नियम काढले. त्यात पिरॅमिड योजनेला मनाई आहे. एंट्री फी घेता येत नाही. कंपनीशी लेखी करार असावा लागतो, आणि जॉइन झाल्यावर मन बदललं तर दंड न भरता बाहेर पडता यावं म्हणून कूलिंग-ऑफचा काळ द्यावा लागतो. किती दिवसांचा, ते करारात वाचा. करार मोबाइलवर 'आय अॅग्री' दाबून होतो, म्हणून कुणी वाचत नाही. तुम्ही त्याची प्रिंट काढा.

अपलाइनला, म्हणजे तुम्हाला जोडणाऱ्या वरच्या माणसाला, एकच प्रश्न नीट विचारा: 'मी एकही माणूस जोडला नाही, नुसता माल विकला, तर मला काय मिळेल?' उत्तर आकड्यात आलं तर पुढं बोला. 'अरे, माणसं जोडल्याशिवाय या धंद्यात मजा नाही' असं उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या.

दुसरी गोम सुरुवातीच्या पॅकेजमध्ये असते. 'फी एक रुपया नाही, फक्त आठ हजारांचा माल घ्या, आयडी ग्रीन होते, म्हणजे चालू होते.' तो माल तुमच्या घरात दोन महिन्यांत खपणारा आहे का? बाजारात तसलाच माल काय भावानं मिळतो, ते किराणा दुकानात जाऊन बघून या. आणि 'सरकारमान्य आहे' म्हणत जो कागद दाखवतात, तो बहुतेक वेळा कंपनी स्थापन झाल्याचा नाहीतर जीएसटीचा असतो. रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानाकडं तो असतो. त्यावरून कंपनीचा प्लॅन, म्हणजे कमिशनची योजना, चांगला की वाईट हे कळत नाही.

झेडपीचे शिक्षक, नर्सबाई, तलाठी, एसटीतले भाऊ यांनी आणखी एक बघावं. सरकारी-निमसरकारी नोकरीत परवानगीशिवाय दुसरा धंदा करता येत नाही. मग आयडी बायकोच्या नावावर काढतात आणि प्लॅन साहेब दाखवतात. हे सगळीकडं चालतं म्हणून विचारावंसं वाटतं: तुमच्या बोलण्यात होय ते होय आणि नाही ते नाही असावं (मत्तय ५:३७), हे इथं लागू होतं की नाही?

दुसरी पायरी: पाच गुणिले पाच

प्लॅन दाखवताना अपलाइन बोर्डावर काढतो ते चित्र तुम्हीही घरी कागदावर काढा. तुम्ही पाच जण जोडले. त्या प्रत्येकानं पाच, म्हणजे पंचवीस. मग १२५, मग ६२५, मग ३,१२५. पाच पायऱ्यांत एकूण ३,९०५ माणसं झाली. चार हजार वस्तीचं गाव असेल तर लेकराबाळांसकट, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट संपलं. साठ घरांच्या मंडळीत तर दुसऱ्या पायरीला तीस घरं होतात आणि तिसरी पायरी पुरी व्हायच्या आधीच घरं संपतात.

आता तेच चित्र खालून वर बघा. ३,९०५ पैकी ३,१२५ जण अगदी तळाला आहेत. त्यांच्या खाली कुणी नाही. म्हणजे शंभरातले ऐंशी. कंपनी कितीही प्रामाणिक असली तरी हा आकडा हलत नाही, कारण तो गुणाकाराचा आहे. या ऐंशी जणांना माल विकून थोडंफार मिळू शकतं, पण बोर्डावरच्या चित्रातलं उत्पन्न मिळणार नाही. मग तुम्ही जेव्हा म्हणता की 'वहिनी, तुम्हीही माझ्यासारख्याच पुढं जाल', तेव्हा ऐंशी टक्के शक्यता धरून तुम्ही खोटं बोलत असता. मनात वाईट नसतं, तरी.

बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असं येशू म्हणाला (लूक १४:२८). ज्याला तुम्ही जोडायला निघालात, त्यालाही अंदाज घ्यायला बसू द्या. 'आजच करा, उद्या ऑफर संपतीय' हे वाक्य तुमच्या तोंडून निघता कामा नये. ट्रेनिंगमध्ये त्याला क्लोजिंग म्हणतात आणि त्याची तालीम घेतात. तुम्ही तालमीत बसा हवं तर, पण सोयऱ्याच्या ओसरीवर त्याचा प्रयोग करू नका.

तिसरी पायरी: मंडळीभोवती रेघ मारा

ही पायरी सगळ्यात अवघड आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

मंगळवारची घरगुती प्रार्थनासभा. दहा-बारा माणसं, चटईवर बसलेली. गीत झालं, वचन झालं, आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली. 'आमेन' म्हणून डोळे उघडले. घरची बाई चहाला उठली. चहा येईपर्यंतची ती पाच-सात मिनिटं असतात ना, त्यात एकजण दारामागं ठेवलेली पिशवी हळूच पुढं ओढतो. 'मावशी, तुमचे गुडघे दुखतात म्हणालात ना आत्ता...' मावशीनं गुडघ्याचं दुखणं प्रार्थनेसाठी सांगितलं होतं. ते आता धंद्याच्या कामाला आलं. पुढच्या मंगळवारी मावशी दुखणं सांगणार नाही. दोन-तीन महिन्यांत सभेला यायचीच बंद होईल, आणि पाळकसाहेब विचारतील तेव्हा 'बरं नाही' म्हणेल.

म्हणून काही गोष्टी पहिल्या दिवशीच ठरवून टाका आणि घरात बोलून दाखवा. चर्चच्या आवारात, प्रार्थनासभेत, दवाखान्यातल्या भेटीत आणि मयताच्या घरी मालाचा विषय काढायचा नाही. पिशवी बरोबर न्यायचीच नाही. मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उपासनेच्या वेळा, आजाऱ्यांची नावं आणि मयताच्या बातम्यांसाठी आहे. तिथं तुमच्या कंपनीचा व्हिडिओ टाकायचा नाही, 'गुड मॉर्निंग'च्या वचनाखाली तर नाहीच नाही. प्रार्थनेच्या विनंतीत कुणी कर्जाबद्दल बोललं, नोकरी गेल्याचं सांगितलं, तर त्याचं नाव लिस्टमध्ये जाता कामा नये.

मग मंडळीतल्या कुणाला काहीच विकायचं नाही का? विका की. एखाद्यानं स्वतःहून विचारलं, तर दुसऱ्या दिवशी, त्याच्या घरी, वेळ ठरवून जा आणि इतर गिऱ्हाइकाला जो भाव तोच भाव सांगा. नियमही तेच म्हणतो: ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही, आणि गेल्यावर पहिल्यांदा आपण कोण, कंपनी कोणती, कशासाठी आलोय हे सांगायचं. 'सहज आलो होतो, भेटून बरेच दिवस झाले' अशी सुरुवात या नियमातही बसत नाही.

माल घेणं वेगळं आणि आपल्याखाली जॉइन होणं वेगळं, हेही लक्षात असू द्या. साबण आवडला नाही तर नुकसान ऐंशी रुपयांचं. जॉइनिंग बुडलं तर आठ हजार आणि एक नातं.

पाळकांबद्दल दोन शब्द. लीडर लोक तुम्हाला हमखास सुचवतील की आधी पास्टरला जोडा, मागं अख्खं चर्च येईल. हिशेब त्यांचा बरोबर आहे, म्हणूनच तसं करू नका. आपल्या पाळकांचा पगार तुटपुंजा असतो, लेकरांच्या फिया असतात, मोह त्यांनाही होतो. पण ज्याच्या हातून प्रभुभोजन घ्यायचं त्याचं आणि आपलं अपलाइन-डाउनलाइनचं (वरच्या-खालच्या सभासदाचं) नातं झालं, की व्यासपीठावरून लोभाविषयी संदेश द्यायला त्याची जीभ अडखळणार. आणि पाळक स्वतःच तुमचे अपलाइन होऊ बघत असतील तर? तर चर्चच्या पंचकमिटीतल्या एखाद्या जाणत्या माणसाशी बोला. नाही म्हणायची हिंमत एकट्यानं होत नाही.

चौथी पायरी: साक्ष कशाची देताय?

सेमिनारमध्ये एकेकाला स्टेजवर बोलावतात. आधी मी काय होतो, मग कंपनी कशी भेटली, आता माझ्याकडं काय आहे. आपल्याला हा साचा लगेच जमतो, कारण आपण लहानपणापासून मंडळीत साक्ष ऐकत आलोय. लीडरच्याही ते ध्यानात येतं. ख्रिस्ती पोरं-पोरी माइकवर न घाबरता बोलतात, गाणं म्हणतात, म्हणून त्यांना लवकर पुढं काढतात.

इथं सांभाळा. महिन्याला चेक १,८५० रुपयांचा येत असताना 'पाच आकडी उत्पन्न' म्हणायला लावतात. दुसऱ्याच्या गाडीला टेकून फोटो काढायला लावतात. 'होईपर्यंत झाल्यासारखं दाखवा' ही शिकवण आहे त्यांची. तुम्ही मात्र तुमचाच आकडा सांगा. 'मला चार महिन्यांत इतकं मिळालं, इतकं खर्च झालं' असं स्टेजवर सांगितलं, तर बहुधा पुन्हा माइक मिळणार नाही. तेवढं चालवून घ्या.

रविवारी चर्चमध्ये साक्ष देताना 'प्रभूनं मला या कंपनीच्या द्वारे आशीर्वादित केलं' असं कंपनीचं नाव घेऊन बोलू नका. ती जाहिरात झाली. उपकारस्तुती करायचीच तर कंपनीचं नाव न घेताही होते.

पाचवी पायरी: शुगर, बीपी आणि 'बंद करून टाका'

या धंद्यात जितकं पाप कमिशनमध्ये होतं, त्याहून जास्त आजारी माणसाच्या खाटेजवळ होतं असं माझं मत आहे.

औषध आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर असे आजार बरे होतात म्हणून औषधाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, आणि जाहिरातीच्या व्याख्येत तोंडानं केलेली घोषणाही येते. डब्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी नंबर असतो. त्याचा अर्थ इतकाच की हा खाण्याचा पदार्थ आहे आणि बनवणाऱ्याकडं परवाना आहे. त्यानं आजार बरा होतो असं तो नंबर सांगत नाही. कंपनीनं मान्य केलेल्या दाव्यापलीकडं काही बोलायला थेट विक्रीच्या नियमांतही मनाई आहे. डब्यावर छापलंय तेवढंच बोला.

गिऱ्हाईक विचारणारच: 'मला शुगर हाय, हे घेतलं तर गोळी बंद करता येईल का?'

तेव्हा हे शब्द पाठ असू द्या: 'नाही काकू. हे खाण्यातलं आहे, औषध नाही. गोळी बंद करायची नाही. घ्यायचंच असेल तर डबा डॉक्टरांना दाखवा, ते हो म्हणाले तर घ्या.' यात विक्री बुडते कधीकधी. बुडू द्या. इन्सुलिन थांबवून माणूस अॅडमिट होतो तेव्हा अपलाइन बघायला येत नाही.

ख्रिस्ती विक्रेत्यासाठी याला आणखी एक पदर आहे. आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, डोक्यावर हात ठेवतो. त्याच हातानं त्याच बैठकीत डबा पुढं केला, की समोरच्याला देव कुठं संपला आणि कंपनी कुठं सुरू झाली ते कळेनासं होतं. बरं वाटलं तर श्रेय डब्याला, नाही वाटलं तर 'तुमचा विश्वास कमी पडला'. असं कधीही बोलू नका. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला त्या आजारपणात काही विकायचं नाही, इतका सोपा नियम करा.

सहावी पायरी: स्टेजवरची वचनं

प्लॅनच्या स्लाइडवर बायबलची वचनं दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. ठरलेली दोन-तीनच असतात.

एक म्हणजे यिर्मया २९:११, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. हे पत्र बाबेलात बंदिवान झालेल्यांना लिहिलं होतं, आणि त्याच्या आदल्याच ओवीत सत्तर वर्षांचा आकडा आहे. घरं बांधा, मळे लावा, ज्या शहरात आहात त्याचं हित बघा, असं ते पत्र सांगतं. लवकर सुटका होईल म्हणून स्वप्नं विकणाऱ्यांचं ऐकू नका, असंही सांगतं. सेमिनारमध्ये हा भाग कुणी वाचत नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं, फिलिप्पैकरांस ४:१३, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो. पौल हे बेड्यांत असताना लिहितोय. सर्व काही म्हणजे काय, ते वरच्याच ओळीत आहे: तृप्त राहणं आणि उपाशी राहणं, दोन्ही त्याला जमतं. रँक, म्हणजे कंपनीतली वरची पायरी, गाठायच्या शर्यतीत हे वचन बसत नाही.

अपलाइनशी भांडत बसू नका. घरी जाऊन अख्खा अध्याय वाचा, इतकंच. लेकरांसमोर मोठ्यानं वाचलात तर आणखी बरं.

रविवार, समई आणि शेजारी

बहुतेक मोठे सेमिनार रविवारी सकाळीच असतात, कारण नोकरदारांना तीच सुटी. लातूरहून संभाजीनगरला जायचं म्हणजे पहाटेच गाडी धरायची. पहिल्या महिन्यातच सांगून टाका की रविवारी बारापर्यंत मी मिळणार नाही. आज 'एकच रविवार' म्हणाल तर पुढं सवय लागेल. ज्या टीममध्ये यावरून टोमणे बसतात, ती टीम बदला.

सेमिनारची सुरुवात दीपप्रज्वलनानं होते, कधी आरती असते. यावर माझ्या ओळखीच्यात दोन मतं आहेत. मला वाटतं, शांतपणे आदरानं उभं राहावं, समई पेटवायला बोलावलं तर नम्रपणे दुसऱ्याचं नाव सुचवावं, आणि त्याचं भाषण करू नये. दुसऱ्याच्या श्रद्धेचा अपमान करून आपली सिद्ध होत नसते.

शेजारपाजारी हिंदू, मुस्लिम, बौद्ध गिऱ्हाइकं असतील, असलीच पाहिजेत. त्यांच्याशी बोलताना धंदा आणि सुवार्ता यांची सरमिसळ करू नका. हल्ली वातावरणही तसं आहे. ख्रिस्ती माणूस पिशवी घेऊन दारोदार जातो, 'मिटिंगला या' म्हणतो, मोफत नमुना देतो. यातून नको तो अर्थ काढायला वेळ लागत नाही. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात बिलबुक, आणि मिटिंग म्हणजे कसली मिटिंग ते पहिल्याच वाक्यात. कुणी विश्वासाबद्दल विचारलंच तर जरूर सांगा, पण त्या दिवशी ऑर्डर घेऊ नका.

कुणाचा पैसा घ्यायचा नाही

मराठवाड्यात हातात पैसा यायचा हंगाम ठरलेला असतो. दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीच्या जोड्यांना मुकादमाकडून उचल मिळते, दिवाळीच्या मागंपुढं सोयाबीन-कापसाचं येतं. जॉइनिंगची मोहीम नेमकी तेव्हाच जोरात असते. उचल हा मिळालेला पैसा नाही. ते सहा महिने कोयता चालवून फेडायचं कर्ज आहे. त्यातून आयडी घेऊ देऊ नका. बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज, गहाण टाकलेलं डोरलं, मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसे, याही पैशांना हात लावायचा नाही. 'हे पैसे कुठून आणलेत?' असं विचारायची सवय करा. मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये आपल्या भागातल्या कितीतरी लोकांची पुंजी अडकलीय. त्या घरांत आणखी एक स्वप्न घेऊन जाताना तरी पाऊल अडखळावं.

हिशेबाची वही आणि दशमांश

एक साधी दोनशे पानी वही करा. समजा एका महिन्यात कमिशन आलं १,८५० रुपये. आयडी चालू ठेवायला तुम्ही स्वतः २,४०० रुपयांचा माल घेतला, त्यातला ९०० रुपयांचा असाही घरात लागलाच असता. म्हणजे जादाचे १,५००. सेमिनारचं तिकीट ५००, पेट्रोल आणि गाडीभाडं ७६०, चहापाणी नि रिचार्ज २४०. खर्च झाला ३,०००. महिना १,१५० रुपयांनी तोट्यात गेला, आणि ग्रुपवर मात्र १,८५० च्या चेकचा फोटो पडला, वर टाळ्यांचे इमोजी.

सहा महिने अशी वही लिहा आणि नवरा-बायकोनं मिळून वाचा. खोटा काटा परमेश्वराला आवडत नाही (नीतिसूत्रे ११:१), तो दुसऱ्याला माल मोजून देताना जितका वाईट, तितकाच स्वतःला फसवतानाही.

दशमांश कशावर द्यायचा, हा प्रश्न खूप जण विचारतात. खर्च वजा जाता हातात उरलं त्यावर द्या. काही उरलं नाही तर त्या महिन्यात या धंद्याचा दशमांश नाही. पगारातून, शेतीतून देता तसं देत राहा. कर्ज काढून किंवा 'आधी द्या, देव रँक देईल' असं कुणी म्हणालं म्हणून देऊ नका. आणि मोठी रक्कम आली तर ती पाकिटातून द्या. चर्चच्या हंगामाच्या सणाला कंपनीच्या नावानं पंखा भेट देऊन त्यावर नाव रंगवू नका.

कुणाचं नुकसान झालं तर, आणि बाहेर पडायचं असेल तर

तुमच्यामुळं जॉइन झालेल्या माणसाचे पैसे अडकले, तर पहिलं काम म्हणजे त्याच्या घरी जाणं. फोन नाही, मेसेज नाही. 'तू कामच केलं नाहीस' हे अपलाइनचं शिकवलेलं वाक्य तिथं बोलायचं नाही. कूलिंग-ऑफची मुदत शिल्लक असेल तर त्याच दिवशी त्याच्याकडून कंपनीला ईमेल करून घ्या आणि पोच जपून ठेवा. माल न फोडलेला असेल तर करारातली परतीची अट वाचून माल पाठवा, कुरिअरची पावती फोटो काढून ठेवा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथं मराठीतही बोलता येतं.

जक्कयानं अन्यायानं घेतलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली होती (लूक १९:८). चौपटीचं राहू द्या. त्या माणसाच्या जॉइनिंगवर तुम्हाला जे कमिशन मिळालं, तेवढं तरी त्याच्या हातात ठेवा. एका हप्त्यात जमत नसेल तर तीन हप्त्यांत द्या, पण तारखा लिहून द्या.

सोडायचं ठरलं तर गुपचूप गायब होऊ नका. आयडी बंद करायचा अर्ज लेखी करा. तुमच्याखालच्या प्रत्येकाला स्वतः कळवा, कारण तुम्ही गेल्यावर त्यांना 'तो कमजोर होता' असं सांगितलं जाणार आहे. ज्या ज्या ग्रुपवर तुमचा चेकचा फोटो आहे, तो काढून टाकायला सांगा. उरलेला माल उधारीवर मंडळीत वाटून मोकळे होऊ नका. घरी वापरा किंवा परत करा. उधारी थकलेली असेल तर चर्चच्या दारात वसुली करू नका, आठवड्यात घरी जाऊन मागा, आणि ज्याच्याकडं खरंच नाही त्याचं नाव वहीतून खोडा.

एक शेवटचं काम बरेच जण विसरतात. कमिशनमधून कंपनीनं टीडीएस (देण्याआधीच कापलेला कर) कापलेला असू शकतो आणि तो तुमच्या पॅनवर जमा असतो. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मागता येतो. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर किती टीडीएस जमा आहे ते बघा, किंवा पॅनकार्ड घेऊन गावातल्या कर सल्लागाराकडं जा. मात्र शेवटच्या तारखेची गर्दी व्हायच्या आधी जा.